‘माय ब्रदर’ला एस लागतो का?

माझी भाची तिसरीत आहे, कराडला, इंग्लिश मिडियम. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे आली तर सोबत कपड्यांची एक बॅग आणि वर्कशीटची एक फाईल, म्हणजे सातबारा, रेशनकार्डाच्या झेरॉक्स असलं सगळं आपण ज्यात कोंबतो ना तसली जाडजूड फाईल. त्यातलं एक पान मी बघत बसलो. वर ठळक अक्षरात ‘सिंपल प्रेझेंट टेन्स’ आणि खाली पंधरा गाळलेल्या जागा. ही डॅश टू स्कूल, कंसात गो. शी डॅश मिल्क, कंसात ड्रिंक. पोरीने पाच मिनिटात चौदा जागा भरल्या, सगळ्या बरोबर. पंधरावी होती, माय ब्रदर डॅश क्रिकेट, कंसात प्ले. तिथं तिने नुसतं ‘प्ले’ लिहिलं, एस नाही. म्हणलं का गं, इथं का नाही लावलास? तर म्हणाली, "मामा, ही शी इट आलं की एस लावायचा, आय यू वी दे आलं की नाही लावायचा. ब्रदर कशातच नाही."

आता यात तिचं काय चुकलं सांगा. तिला जो नियम दिलाय त्यात ब्रदर नाहीचे. आधीच्या चौदा जागा तिने वाक्य न वाचता भरल्या होत्या, पहिला शब्द बघायचा, यादीत शोधायचा, सापडला की एस चिकटवायचा, पोस्टात पाकिटांवर शिक्के मारतात तसं. दूध कोण पितंय आणि शाळेत कोण जातंय याच्याशी तिला काही घेणंदेणं नव्हतं. मग मी तिला म्हणलं, बरं ते राहू दे, तुझा भाऊ रोज संध्याकाळी काय करतो ते इंग्लिशमध्ये सांग बघू. गप्प. बराच वेळ गप्प. मग "क्रिकेट" म्हणाली आणि पळाली.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात घोळतोय, आणि ओळखीतल्या आईबापांशी, दोनचार शिक्षकांशी बोलल्यावर असं लक्षात आलं की यात सरळसरळ दोन पार्ट्या आहेत. एक पार्टी म्हणते ग्रामर पक्कं पाहिजे, बेस पक्का तर सगळं पक्कं, पहिलीपासून नाऊन-व्हर्ब घोटून घ्या. दुसरी पार्टी म्हणते छे, ग्रामरची काही गरज नाही, आपण मराठी काय व्याकरण शिकून बोलायला लागलो का, मुलं आपोआप उचलतात, फक्त कार्टून लावा. मला दोन्ही पटत नाहीत. लहान पोरांना इंग्रजी व्याकरणाचा सराव पाहिजे, चांगला भरपूर पाहिजे, पण आपण ज्याला सराव म्हणतो तो सराव नाहीये, आणि जो खरा सराव आहे तो मराठीला वर्गाबाहेर उभं करून होणार नाही.

आधी आपोआपवाल्यांचं बघू. मराठी आपण आपोआप उचलली हे खरंय, पण किती तास ऐकून? शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस आणि 800 तास शाळा असं लिहिलंय. त्यात इंग्रजीचा रोज एक तास धरा, पस्तीस मिनिटांचा, आणि गॅदरिंग, सर्वेक्षण, निवडणुकीची कामं, गुरुजींचं ट्रेनिंग यातलं काहीच आड आलं नाही असंही धरा, जे कधीच होत नाही. तरी वर्षाचे झाले 116 तास. घरात जी भाषा बोलली जाते ती लहान पोर दहा-बारा दिवसात एवढा वेळ कानावर घेतं. म्हणजे चार वर्षांच्या इंग्रजीची बेरीज दीड महिना. दीड महिन्याच्या बाळाकडून आपण काय अपेक्षा करतो, हुंकार द्यावा एवढीच ना. आणि हे झालं ऐकण्याचं, बोलण्याचा हिशोब तर त्याहून वाईट. वर्गात तीस पोरं आहेत, बाई पस्तीस मिनिटं तोंड बंद ठेवून बसल्या आणि प्रत्येकाला बोलायला दिलं तरी एकेकाच्या वाट्याला दिवसाला एक मिनिट आणि काही सेकंद, वर्षाला साधारण चार तास, तेही बाई गप्प बसल्या तर.

म्हणून ज्यांच्या घरी आई इंग्लिशमध्ये फोनवर बोलते, बाप मीटिंगा घेतो, सोसायटीत खाली खेळताना पोरं निम्मं इंग्लिश बोलतात, त्यांनी "ग्रामरची गरजच काय" म्हणू नये. त्यांच्या पोरांना ते फुकटात मिळालंय. माण-खटावच्या एखाद्या वस्तीवरच्या शाळेतल्या पोराला इंग्रजीचा रचलेला, मुद्दाम मांडलेला, पुन्हापुन्हा घडणारा सराव मिळाला नाही तर ते कुठून आणणार? कार्टूनमधून? कार्टून बघून पोरं हसायला शिकतात, फार तर "ओह नो" म्हणायला. बोलणं म्हणजे समोर माणूस लागतो, ज्याला खरंच उत्तर पाहिजे असतं.

आता दुसरी पार्टी, बेस पक्कावाली, जी संख्येने फार मोठी आहे आणि जिच्या जिवावर वर्कशीटांचा धंदा चाललाय.

आपल्याकडे मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी पाचवीपासून होतं, आणि त्याच्या आधी काही काळ आठवीपासून. मी पाचवीवाला. आमच्या वेळी एबीसीडी आणि ‘धिस इज अ पेन’ एकाच वर्षी आलं आणि वर्षभर आम्ही धिस आणि दॅट करत पेन, पाटी, खिडकी, गुरुजींची सायकल सगळं दाखवत बसलो. तेव्हा हसू यायचं पण आज विचार केला तर ते बरं होतं, निदान बोट दाखवून तोंडाने बोलायचो. चार वर्षं आधी सुरू करून आपण काय मिळवलं हे विचारायला पाहिजे. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर आला तेव्हा केवढं रान उठलं, लहान पोरांवर तीन तीन भाषांचं ओझं नको म्हणून सगळे बोलले, जूनअखेर सरकारला जीआर मागे घ्यावे लागले, ठीकच झालं. पण त्या सगळ्या गदारोळात पहिलीतलं इंग्रजी नेमकं कसं शिकवलं जातंय यावर मी तरी कुणाला चार वाक्यं बोलताना ऐकलं नाही. ते जणू पवित्र.

आकडा एक आहे. असर म्हणजे गावोगावी जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासणारी पाहणी, तिच्या 2023 च्या अहवालात ग्रामीण भागातली 14 ते 18 वयाची मुलं तपासली होती, देशभरातल्या 28 जिल्ह्यांत. इंग्रजी वाक्य वाचता आलं ते 57.3 टक्क्यांना, आणि ज्यांना वाचता आलं त्यातल्या पाऊण जणांना त्याचा अर्थ सांगता आला. गुणाकार करा, शंभरातली बेचाळीस-त्रेचाळीस. वाक्य साधी असतात हो, शाळेत सुरुवातीला शिकवतात तसली. आणि ही पोरं ग्रामर कमी शिकली म्हणून अशी झाली असं कुणी म्हणणार असेल तर त्याने एकदा दहावीची व्याकरणाची वही उघडून बघावी. डू ॲज डायरेक्टेड. चेंज द व्हॉइस. रिमूव्ह टू. द टी इज टू हॉट टू ड्रिंक, यातला टू काढा. चहा गरम आहे तर फुंकर मारायची ना, टू कशाला काढताय! पण आपली पोरं टू काढतात आणि सो-दॅट घालतात, आणि चहावाल्याला इंग्लिशमध्ये चहा मागता येत नाही. मलाही पहिल्यांदा बंगलोरला गेलो तेव्हा आला नव्हता. ‘नो सूनर हॅड’ पाठ होतं.

आणि हे वरून खाली झिरपतं. दहावीला जे विचारतात ते आठवीला आणतात, आठवीला आहे ते स्कॉलरशिपला, आणि स्कॉलरशिपला आहे म्हणून मग दुसरीपासूनच सराव सुरू. स्कॉलरशिपच्या तृतीय भाषेच्या, म्हणजे इंग्रजीच्या पेपरात सगळे प्रश्न चार पर्यायांचे, त्यामुळे तोंड उघडायचा प्रश्नच नाही, गोल काळा केला की झालं. मग बाजारातल्या पुस्तकात याद्या येतात. नराचं मादी करा, फॉक्सचं व्हिक्सन, ड्रेकचं डक. ड्रेक म्हणजे नर बदक, हे मला वयाच्या पस्तिशीत कळलं आणि कळून काही फायदा झाला नाही. समूहवाचक शब्द, सिंहांचा प्राईड. वचन बदला, ऑक्सचं ऑक्सन. हा एक शब्द मात्र मला आवडतो, कारण ऑक्सन प्रत्येक पुस्तकात असतात आणि गावाकडच्या पोराच्या दारातही असतात, पण त्या दारातल्या बैलांबद्दल एक वाक्य त्या पोराकडून कुणी कधी बोलून घेत नाही. वुई हॅव टू ऑक्सन. दे आर व्हाईट. झालं की. नाही, आपल्याला फक्त ऑक्स समोर ऑक्सन लिहिलेलं पाहिजे.

या वर्कशीटांची गंमत अशी की ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त पानं खर्च होतात, म्हणजे तो ‘गोज’मधला एस, ती गोष्ट लहान मुलांना सगळ्यात उशिरा येणाऱ्या गोष्टींपैकी आहे. हे माझं मत नाही. रॉजर ब्राऊन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तीन अमेरिकन मुलांचं बोलणं महिनोन्‌महिने टिपून ठेवलं आणि 1973 मध्ये ते सगळं पुस्तकात मांडलं. मुलं ‘प्लेइंग’मधलं इंग लवकर उचलतात, अनेकवचनाचा एस त्याच्या मागोमाग, आणि ‘ही प्लेज’मधला एस कितीतरी नंतर. ज्यांची आईच इंग्लिश बोलते त्या पोरांची ही गत. पुढे डुले आणि बर्ट या संशोधकांनी घरी स्पॅनिश आणि चिनी बोलणाऱ्या मुलांवर तपासलं तर तिथंही हा एस मागेच राहिलेला. मला वाटतं कारण सोपं आहे, त्या एसला काही कामच नाही. ही म्हणलं की एकच माणूस आहे हे कळलं, मग परत क्रियापदाला शेपूट कशाला? ते न लावता बोललं तरी समोरच्याला सगळं समजतं. म्हणून पोराचा मेंदू त्याला रांगेत मागे ढकलतो. आणि आपण दुसरी-तिसरीत नेमकं त्यावरच लाल पेन घेऊन बसतो. पोर म्हणलं "माय ब्रदर प्ले क्रिकेट" तर ते अख्खं वाक्य बोललंय, कर्ता बरोबर, क्रम बरोबर, मराठीसारखं क्रियापद शेवटी ढकललं नाही, हे केवढं मोठं काम केलंय त्याने! आणि आपण म्हणतो चूक, प्लेज म्हण. पुढच्या वेळी ते फक्त "क्रिकेट" म्हणतं. एका शब्दात चूक होत नाही ना.

मराठीत बघा जरा. मी जातो, मी जाते, तू जातोस, तू जातेस, तो जातो, ती जाते, ते जातं, तुम्ही जाता, ते जातात. मोजा, जातो, जाते, जातोस, जातेस, जातं, जाता, जातात, सात रूपं. ती सात रूपं शाळेत जायच्या आधी बिनचूक लावणारं पोर इंग्रजीतल्या दोन रूपांना, गो आणि गोज, घाबरतं म्हणजे घोळ पोरात नाही. त्याला ती सात रूपं कुणी कोष्टक काढून शिकवली नव्हती. ‘लिंक’ हा शब्द इंग्रजी, आपण दोन म्हणलं की लिंका म्हणतो, बॅगा म्हणतो, पेनं म्हणतो, पोस्टचं पोस्टी पण म्हणतो. लिंकचं पेनसारखं ‘लिंकं’ का होत नाही हे कुणालाही विचारा, सांगता येणार नाही, पण चुकणारही नाही. जीन बर्को नावाच्या बाईंनी 1958 मध्ये हाच प्रकार छोट्या अमेरिकन मुलांवर करून बघितला होता, एक न ऐकलेला पक्ष्यासारखा प्राणी काढला, त्याला वग म्हणाल्या, मग दोन काढून विचारलं आता काय, तर चार-पाच वर्षांची पोरं म्हणाली वग्ज. कधी ऐकलेला नाही तो शब्द. नियम डोक्यात बसतो तो असा, वापरून वापरून, त्याचं नाव माहीत नसताना.

मग सराव कुठला? माझा एक मित्र जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, द्विशिक्षकी शाळा, पट तेहतीस. त्याला तिसरी-चौथी आहे. त्याने काय केलं तर गावच्या स्टॉपवरून ज्या एसट्या जातात त्यांचं टाइमटेबल इंग्रजीत एका कार्डशीटवर लिहून भिंतीला लावलं. अर्धी पोरं प्रवासी, अर्धी कंट्रोलर. डज धिस बस गो टू सातारा? यस, इट डज. व्हेन डज इट लीव्ह? इट लीव्ह्ज ॲट एट फिफ्टीन. डज इट स्टॉप ॲट पुसेगाव? नो, इट डझन्ट. बास, एवढीच पाच-सहा वाक्यं, फक्त गावं आणि वेळा बदलत राहायच्या. पोरं खोटी तिकिटं फाडतात, भांडतात, एक जण मुद्दाम चुकीची वेळ सांगतो मग दुसरा बोंब मारतो "नो सर, इट डझन्ट, ही इज लायर". आता यात ‘डज’ किती वेळा आलं बघा, ‘लीव्ह्ज’चा एस किती वेळा आला बघा, आणि एकही जागा गाळलेली नाही. हाच व्याकरणाचा सराव. नियम तोच आहे, सिंपल प्रेझेंट टेन्स, थर्ड पर्सन सिंग्युलर, फक्त त्याचं नाव कुणी घेतलं नाही, आणि पोराला खरोखर साताऱ्याची गाडी पकडायची आहे. मी त्याला म्हणलं तू तर प्रभूंचा प्रयोग केलास, तर त्याला ते माहीतच नव्हतं. एन. एस. प्रभू म्हणून होते, मद्रासला ब्रिटिश कौन्सिलमध्ये, त्यांनी 1979 ते 84 या काळात बंगलोर, मद्रासकडच्या शाळांत असंच करून बघितलं, रेल्वेचं टाइमटेबल, नकाशे, असली कामं द्यायची आणि ग्रामरचा धडा म्हणून घ्यायचाच नाही. आपल्या देशातला, साध्या शाळांतला प्रयोग, जगभर त्याचा अभ्यास होतो, आणि आपल्या डीएडला मित्राला त्याचं नावही ऐकवलेलं नाही. त्या प्रयोगाची तपासणी झाली तेव्हा ग्रामरच्या ठरीव चाचणीत नेहमीच्या पद्धतीने शिकलेली मुलं सरस निघाली आणि वापराच्या चाचण्यांत प्रयोगातली मुलं सरस निघाली. म्हणजे ज्याची तालीम केली तेच आलं. हे कुणाही तमाशातल्या सोंगाड्याने सांगितलं असतं.

माझा मित्र आणखी एक गोष्ट करतो आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. तो अडलं की मराठीत सांगतो, बिनधास्त. आपल्याकडे इंग्लिश मिडियमच्या काही शाळांत मराठी बोललं की दंड घेतात, दहा रुपये, वीस रुपये, भाचीच्या शाळेत पूर्वी गळ्यात पाटी घालायचे म्हणे. म्हणजे पोराकडे जे सगळ्यात धारदार हत्यार आहे तेच गेटवर काढून ठेवायला लावायचं.

उदाहरण देतो. अ आणि ॲन. पुस्तकात नियम असतो ए ई आय ओ यू आलं की ॲन. पोर मग ॲन युनिव्हर्सिटी लिहितं, ॲन युनिफॉर्म लिहितं, अ अवर लिहितं, कारण युनिफॉर्मचं स्पेलिंग यूने सुरू होतं आणि अवरचं एचने. पण नियम स्पेलिंगचा नाहीचे, आवाजाचा आहे. आता हेच शब्द देवनागरीत लिहा. युनिफॉर्म, पहिलं अक्षर य, य व्यंजन आहे हे पहिलीतल्या पोराला माहीत असतं, म्हणून अ युनिफॉर्म. अवर, पहिलं अक्षर अ, स्वर, म्हणून ॲन अवर. अंब्रेला, स्वर, ॲन. एमबीबीएस, ए स्वर, म्हणून ॲन एमबीबीएस डॉक्टर. स्पेलिंगवरून जे समजवायला घाम फुटतो ते आपली बाराखडी एका मिनिटात दाखवते, कारण आपली लिपीच उच्चारावर उभी आहे! आणि आपण ही लिपी इंग्रजीच्या तासाला झाकून ठेवतो.

दुसरं, जातो आणि जातोय. इंग्रजी शिकवणाऱ्यांना गोज आणि इज गोइंग यातला फरक म्हणजे मोठं प्रकरण वाटतं, हॅबिच्युअल ॲक्शन वगैरे व्याख्या पाठ करून घेतात. अरे, पोराला तो फरक जन्मल्यापासून येतो. बाबा कुठं जातात? कारखान्यावर जातात. बाबा कुठं चाललेत, काय करतायत? जेवतायत. जातात म्हणजे गोज, जातायत म्हणजे इज गोइंग. एवढं सांगितलं की झालं, व्याख्या नको. कुठं फसतं तेही मराठीच सांगते, आपण ‘समजतंय’ म्हणतो म्हणून पोर आय ॲम अंडरस्टँडिंग म्हणतं, तेवढं एक वेगळं सांगायचं. किंवा ‘हॅव’. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे दोन पेनं आहेत, मला ताप आहे, मराठीत आहेच्या आधी कधी मला तर कधी माझ्याकडे, इंग्रजीत सगळीकडे एकच, आय हॅव. इथं इंग्रजी सोपी आहे हे पोराला सांगा ना कुणीतरी, त्याला वाटतं ती सगळीकडे अवघडच.

आणि ‘डिड यू वेन्ट’. यावर किती मार खाल्लाय आपण. इंग्लंडमधली पोरंही लहानपणी असं बोलतात, पण आपल्या पोराला त्यासाठी आणखी एक कारण आहे असा माझा अंदाज. मराठीत ‘ती गेली होती’ म्हणताना गेलीला पण ई आणि होतीला पण ई, ‘ते गेले होते’, दोन्हीकडे ए. आपल्या भाषेत खूण दोन्हीकडे लावायची सवय, इंग्रजी कंजूष, एकीकडे डिड म्हणलं की दुसरीकडे परत नाही. असं समजावलं तर पोर हसतं आणि लक्षात ठेवतं. नाऊन म्हणजे नाम, ॲडजेक्टिव्ह म्हणजे विशेषण हे जोडायलाही फार लांब जायला नको, दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं तेव्हापासून आपल्या शब्दांच्या जातींवर इंग्रजी व्याकरणाची सावली आहेच. जिल्हा परिषदेच्या शाळेत तर मराठी आणि इंग्रजी एकच गुरुजी शिकवतात, सकाळी नाम आणि दुपारी नाऊन, मधे फक्त खिचडीची सुट्टी, तरी दोन्हीची गाठ कुणी घालून देत नाही.

पण हे नाव-गाव प्रकरण पाचवी-सहावीनंतर. तेव्हा पोराकडे बोलता येणारी दोनएकशे वाक्यं असली की त्यांना नावं द्यायला मजा येते, अरे हे आपण करत होतो त्याला हे म्हणतात होय. त्याच्या आधी नाव देणं म्हणजे पत्रिका आधी छापायची आणि मुलगी नंतर बघायची.

अडचणी आहेत, नाही म्हणत नाही. मित्र म्हणाला पहिली अडचण मीच. "मलाच बोलायची भीती वाटते रे, वर्कशीट दिलं की मला बोलावं लागत नाही." हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं म्हणून मला त्याचा आदर वाटतो. वर्कशीट इतकं लोकप्रिय का याचं यापेक्षा चांगलं कारण मी ऐकलेलं नाही. त्याने तोडगा काढला तो असा की महिन्याला दहाच वाक्यं, आधी स्वतः आरशासमोर घोटायची आणि मग वर्गात न्यायची, अकरावं वाक्य आलं तर "आय डोन्ट नो, लेट अस आस्क" हे एक वाक्य. दुसरी अडचण आवाजाची. सगळ्या जोड्या एकदम बोलायला लागल्या की वर्गाचा बाजार होतो, शेजारच्या वर्गावरच्या बाई येऊन बघून जातात, केंद्रप्रमुख आले तर विचारतात हे काय चाललंय. पण जोड्या केल्या तर दहा मिनिटात प्रत्येक पोर पाच मिनिटं बोलतं, मगाशी हिशोब केला तो एका मिनिटाचा, इथं पाच. शांत वर्गात इंग्रजी कशी येणार मला कळत नाही, भाषा आहे ती, झोपलेलं बाळ नव्हे.

तिसरी अडचण आपण, म्हणजे आईबाप. वही भरलेली दिसली की आपल्याला बरं वाटतं, फीचे पैसे फिटले असं वाटतं. एसटीचा खेळ वहीत दिसत नाही. पालकसभेत एक बाई खरंच म्हणाल्या की पोरगं घरी येऊन कंडक्टर कंडक्टर खेळतंय, शिकवता काय? मित्राने त्या पोराला उभं केलं आणि त्याच्या आईसमोर विचारलं, व्हेन डज द लास्ट बस लीव्ह? पोर म्हणालं, "इट लीव्ह्ज ॲट नाइन, बट इट कम लेट." कम, एस नाही. बाईंनी ते पकडलं का नाही माहीत नाही. मित्राने पकडलं आणि काही बोलला नाही.

आणि परीक्षा. जोपर्यंत स्कॉलरशिपला गोलच काळे करायचेत आणि दहावीला टू काढायचाय तोपर्यंत शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही, ते बिचारे पेपर बघून शिकवतात, कुणीही तेच करेल. दहावीला इंग्रजीच्या तोंडी परीक्षेचे मार्क आहेत, पण ते कसे दिले जातात ते आपण सगळे त्यातून गेलोय, कुणाला काही विचारलं जातं आणि सगळ्यांना भरभरून मिळतं. तिथं खरी परीक्षा घेतली, दोन पोरं समोरासमोर बसवून एकाच्या हातात टाइमटेबल आणि एकाच्या हातात रिकामा कागद दिला, आणि त्याचे मार्क खरे धरले, तर पाच वर्षांत तिसरीतल्या फाईली आपोआप बारीक होतील. पुस्तकं काढणारे आधी बदलतील, त्यांना वास लवकर येतो.

भाचीचं सांगायचं राहिलं. सुट्टीत आम्ही फाईल बाजूला ठेवली आणि रोज रात्री जेवताना एक खेळ सुरू केला, घरातल्या एकाचं नाव न घेता तो काय करतो ते सांगायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. ही स्लीप्स आफ्टर लंच. ही शाउट्स ॲट टीव्ही. ओळखलं, आजोबा. शी सेज कम फास्ट, टी इज गेटिंग कोल्ड. आजी. पहिले चार दिवस एस गळतच होते, मी काही बोललो नाही, फक्त माझ्या पाळीला नीट म्हणायचो. पाचव्या दिवशी ती म्हणाली "माय ब्रदर ब्रेक्स एव्हरीथिंग", आणि भाऊ रडायला लागला.

सुट्टी संपली, ती कराडला गेली. परवा ताईने व्हॉट्सॲपवर डायरीच्या पानाचा फोटो पाठवला, लाल पेनने लिहिलंय, हॉलिडे होमवर्क इनकंप्लीट, पॅरेंट्स टू साइन. ताई म्हणते सही तू कर, तूच केलंस हे.